सुगीतला हजेरीपट : भोर-वेल्ह्यातल्या शाळा, हिवाळा आणि घरची माणसं

जिल्हा परिषदेच्या एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेत गेलात, चहा झाला, मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाट उघडून दिलं, की आधी नोव्हेंबरचा हजेरीपट मागा. जूनचा नको, मार्चचा नको, नोव्हेंबरचा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरलेली असते आणि भोर-वेल्ह्याच्या पश्चिमेकडच्या गावांत भात कापणीला आलेलं असतं, नाहीतर कापून खाचरात पडलेलं असतं. मी पाहिलेल्या जुन्या पटांवर या दिवसांत गैरहजेरीच्या खुणा दाटून आलेल्या आहेत. एकेका नावापुढे सलग ओळ. दोन भावंडांची ओळ तर एकाच दिवशी सुरू होते आणि एकाच दिवशी संपते.

ही ओळ वाचायची कशी, हा आजचा विषय. तुमच्यापैकी काही जण पेट-नेटची तयारी करताय, काही जण प्रपोजल लिहिताय. शिक्षणावर काम करायचं ठरवलंत तर 'पालकांचा सहभाग' हा शब्द तुमच्या वाट्याला येणारच. माझ्याही आला. मी एमएस्सी स्टॅटिस्टिक्स करून इकडे आले, त्यामुळे शब्द दिसला की त्याचा व्हेरिएबल करायची घाई. पालकसभेला किती पालक आले आणि मुलाची हजेरी किती टक्के, या दोन आकड्यांवरून मी सहभाग मोजणार होते. गाइडनी मसुदा वाचला आणि एवढंच विचारलं, की ही सभा कुठल्या महिन्यातली? मला सांगता आलं नाही. महिन्याने काय फरक पडतो, असंच वाटलं होतं तेव्हा.

तर आधी प्रदेश समजून घ्या. पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला सह्याद्रीला टेकलेले हे दोन तालुके. राजगड आणि तोरणा वेल्ह्यात, रोहिडा भोरमध्ये. गुंजण मावळ, कानंद मावळ, हिरडस मावळ ही शिवकालात ऐकलेली नावं इथलीच. पूर्वेकडे सातारा रस्त्याच्या बाजूला पाऊस बेताचा, पश्चिमेकडे घाटमाथ्याला जाल तसा तो धो-धो. म्हणून पश्चिमेला भात, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. आंबेमोहोर इथला जुना, इंद्रायणी अलीकडचा. वाड्या लांब लांब, एकेका वाडीत मोजकी घरं, आणि म्हणून शाळाही छोट्या. एक-दोन शिक्षकांच्या.

भाताची सुगी म्हणजे एका माणसाचं काम नव्हे. कापणी, कापलेलं सुकवणं, पेंढ्या बांधणं, खळ्यावर वाहून आणणं, झोडणी, वाऱ्यावर धान्य उफणणं, पेंढा रचणं. अवकाळी पावसाचं सावट असलं तर हे सगळं चार दिवसांत उरकायचं. मजूर लावायला पैसे नसतात, मग सावड. आज तुमच्यात आम्ही, उद्या आमच्यात तुम्ही. म्हणजे घरचं भात घरात आलं तरी घरातल्या मोठ्यांवर दुसऱ्यांकडच्या दिवसांचं देणं उरलेलंच असतं. ते दिवसभर रानात, मग घरात तान्हं कोण सांभाळणार? म्हाताऱ्याला भाकरी कोण देणार, गुरांकडे कोण बघणार? तिसरी-चौथीतली मुलगी. पटावरची ती सलग ओळ बऱ्याचदा हिची असते, आणि तिच्या जोडीची दुसरी ओळ पाठच्या भावाची, कारण तीच त्याला शाळेत घेऊन जायची.

आता सांगा, हा सहभागाचा अभाव आहे का? शाळेच्या बाजूने बघितलं तर आहे. घराच्या बाजूने बघितलं तर ते मूल त्या पंधरवड्यात कुटुंबाच्या वर्षभराच्या अन्नात सहभागी आहे. मी कुणाची बाजू घेत नाहीये. मुलगी शाळेबाहेर राहते आणि तिचं नुकसान होतं, हे खरंच आहे. पण 'पालक बेफिकीर' असा निष्कर्ष त्या ओळीतून निघत नाही, आणि आपल्याकडचे कितीतरी जुने शेरे तोच निष्कर्ष काढून मोकळे होतात.

गंमत म्हणजे हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. १८८२ मध्ये हंटर आयोग नेमला गेला. त्याला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. गरिबीमुळे आईबापांना गुरं राखायला आणि शेताकडे बघायला मुलं लागतात, म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही. मुलांना शाळेकडे ओढणाऱ्या शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसंही हवीत. निवेदनाची तारीख १९ ऑक्टोबर १८८२. मावळात भात पिवळं पडायला लागण्याचे दिवस! (हा योगायोगच, त्यावर काही उभारू नका.) खुद्द आयोगानेही शिफारस केली, की शेतीच्या गावांत आणि मागास भागांत शाळेच्या रोजच्या वेळा आणि वर्षातले शाळेचे हंगाम, दोन्हींत शक्य तितकी लवचीकता ठेवावी.

ही शिफारस वाचून मी जरा थांबले होते. सुट्ट्या स्थानिक गरजेप्रमाणे असाव्यात, ही आपण आजची पुरोगामी कल्पना समजतो. ती जवळजवळ दीडशे वर्षं कागदावर आहे.

आणि इथे एक तांत्रिक गोष्ट सांगते, जी मला कुठल्याही मेथडॉलॉजीच्या पुस्तकात मिळाली नाही. भात पावसाच्या हिशोबाने पिकतं, दिवाळी तिथीच्या हिशोबाने येते. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरला गेलं. म्हणजे एका वर्षी सुट्टी कापणीच्या तोंडाशीच संपते आणि दुसऱ्या वर्षी सुट्टीच कापणी झाकून टाकते. तुम्ही दोन वर्षांची नोव्हेंबरची टक्केवारी शेजारी शेजारी ठेवलीत आणि 'हजेरी सुधारली' असं लिहिलंत, तर तुम्ही पंचांग मोजलंत, पालक नव्हेत. जुन्या पटांवर काम करणार असाल तर प्रत्येक वर्षासमोर दिवाळीची तारीख आणि अधिक मास लिहून ठेवा. एक कॉलम वाढेल फक्त.

आता कागद कुठे शोधायचे त्याबद्दल थोडक्यात. भोर हे संस्थान होतं, पंतसचिवांचं. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यामुळे त्याआधीच्या ब्रिटिश पुणे जिल्ह्याच्या शिक्षण अहवालात भोरच्या शाळा शोधत बसू नका. तो कारभार वेगळा, कागद वेगळे. संस्थानातल्या तालुक्यांना किल्ल्यांची नावं होती : विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, शिवाय राजगड आणि घाटाखालचा सुधागड. आजच्या वेल्ह्याचा बराच भाग राजगड आणि प्रचंडगड या नावांखाली सापडतो. त्यात २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड करायचा निर्णय झाला. म्हणजे उद्याचा विद्यार्थी 'राजगड तालुका' शोधेल तेव्हा त्याच्यासमोर संस्थानी राजगडही येईल आणि नवाही. दोन्हींच्या हद्दी एकच आहेत असं धरून चालू नका.

शाळेत मात्र तीन गोष्टी मिळू शकतात. जनरल रजिस्टर, हजेरीपट, आणि तपासणीला आलेल्या साहेबांचे शेरे असलेली वही, जिला बहुतेक ठिकाणी लॉगबुक म्हणतात. जनरल रजिस्टर कायम जपायचा कागद, बाकीच्यांना ठरावीक मुदत. त्यात 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. तो वाचताना लक्षात ठेवा, की कारण पालकाने सांगितलेलं असतं आणि गुरुजींनी त्यांच्या भाषेत लिहिलेलं असतं. 'सतत गैरहजर' हे कारण नाही, ते वर्णन आहे.

कायद्याने पालकाकडे कसं पाहिलं हाही इतिहासच. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा १९४७ चा. त्यात सक्तीच्या शिक्षणाच्या क्षेत्रात मूल हजर न ठेवणाऱ्या पालकाला हजेरीचा आदेश काढायची आणि तो मोडला तर दंडाची तरतूद होती. पालक म्हणजे ज्याच्यावर कारवाई होऊ शकते असा माणूस. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तोच पालक शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य झाला. कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या महिला. साठ वर्षांत आरोपीच्या जागेवरून उठून पालक खुर्चीवर बसला, निदान कागदावर तरी. पण दोन्ही कायद्यांत मोजायची गोष्ट एकच राहिली : हजर की गैरहजर. आधी मूल, नंतर आईबाप.

मध्ये एक टप्पा असा येतो जिथे हजेरीपटाचा अर्थच बदलतो. हा भाग सांख्यिकीवाल्यांनी दोनदा वाचावा. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारची पोषण आहाराची योजना सुरू झाली. सुरुवातीला शिजवलेलं अन्न नव्हतं, महिन्याला ३ किलो धान्य घरी द्यायचं होतं, आपल्याकडे तांदूळ. अट होती ८० टक्के हजेरीची. तुम्ही भाताच्या गावात आहात. मूल पंधरा दिवस भात कापायला थांबलं, की त्या महिन्याचा शाळेचा तांदूळ बुडाला. आता शिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवा. समोर पट आहे, त्या मुलाचं घर तुम्हाला माहीत आहे, आणि एका खुणेवर ३ किलो तांदूळ अवलंबून आहे. कुणी काय केलं असेल याबद्दल मी काही म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण ज्या आकड्यावर काही मिळणं-न मिळणं ठरतं, तो आकडा आधीच्या आकड्यासारखा वाचता येत नाही. १९९५ च्या आधीचा नोव्हेंबर आणि नंतरचा नोव्हेंबर एकाच आलेखावर काढायचा असेल तर मध्ये उभी रेघ मारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेलं अन्न द्यायचं ठरलं, तिथे दुसरी रेघ. शिजवलेलं अन्न मिळू लागल्यापासून बक्षीस महिन्याच्या टक्केवारीवर नाही, रोज शाळेत येण्यावर. आणि शिजवणाऱ्या कोण, तर गावातल्याच बाया, अनेक ठिकाणी बचत गटाच्या. रोज दोन-तीन आया शाळेच्या आवारात असतात. हा सहभाग पालकसभेच्या इतिवृत्तात कुठेच येत नाही.

शाळा घराच्या वेळापत्रकाला जुळवून बघण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत, ते माहीत असू द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात, कोसबाडला, कुरणशाळा चालवली : मुलं गुरं राखायला जातात ना, मग शाळाच कुरणात जाईल. पुण्यात कोथरूडच्या भारतीय शिक्षण संस्थेत जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी १९७९ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत ९ ते १४ वयाच्या, शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी कृतिसंशोधन सुरू केलं. वर्ग संध्याकाळी, काम आटोपल्यावर. शिकवणारा माणूस गावातलाच. येणाऱ्यांत मुली जास्त, त्याच त्या, धाकट्याला सांभाळणाऱ्या. परीक्षेऐवजी निरनिराळ्या गावांतल्या मुलांचे मेळावे भरवायचे. खेळता खेळता आणि एकमेकांना विचारत कोण किती शिकलं ते बघायचं, आणि गावकऱ्यांनी हे सगळं डोळ्यांनी पाहायचं. जे. पी. नाईक म्हणजे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहून झाल्यावर हा माणूस कंदिलाच्या उजेडातल्या वर्गांकडे वळला. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूत कोठारी आयोग असतोच, हे काम क्वचित असतं.

इथपर्यंत हिवाळ्याचा पहिला तुकडा झाला. दुसरा तुकडा डिसेंबरच्या मध्यापासून. खळी रिकामी होतात, भात कणगीत जातं, उरलेल्या ओलीवर हरभरा, वाटाणा, पावटा उभा असतो. हातात थोडा वेळ येतो, आणि आता उलटं घडतं. जे घर नोव्हेंबरात मुलाला शाळेतून बाहेर काढत होतं, तेच घर जानेवारीत शाळेत येऊन बसतं.

तुम्ही गावाकडच्या शाळेत शिकला असाल तर क्रम पाठच असेल. सकाळी थंडीने बोटं वळत नाहीत म्हणून वर्ग पटांगणात, कोवळ्या उन्हात. केंद्राच्या क्रीडास्पर्धा, लंगडी, खो-खो, कबड्डी. बाल आनंद मेळावा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ ला जिजाऊंची, आणि राजगडाच्या पायथ्याशी जिजाऊंची जयंती हा नुसता सरकारी परिपत्रकातला दिवस राहत नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि त्यालाच जोडून माता-पालक मेळावा. २६ जानेवारीची प्रभातफेरी. आणि मग गॅदरिंग.

यातला बाल आनंद मेळावा नीट बघा. शिक्षकांच्या अहवालात तो 'व्यवहारज्ञान' म्हणून येतो : मुलं भाजी आणतात, विकतात, नफा-तोटा शिकतात. पण त्या टोपलीचा उलटा प्रवास करून बघा. पावट्याच्या शेंगा आदल्या संध्याकाळी कुणी तोडल्या? नाचणीच्या भाकरी पहाटे कुणी थापल्या? पोराला पावशेर म्हणजे किती हे कुणी शिकवलं? आजीने. आणि घेणारे कोण? तेच आईबाप. एकमेकांच्या पोरांकडून एकमेकांच्याच परड्यातली भाजी विकत घेतात, किंमत न करता, आणि शंभराची नोट दिली तर किती परत द्यायचे हे पोराला मोठ्याने मोजायला लावतात. मी अशाच एका मेळाव्यात वही घेऊन उभी होते. ज्या वडिलांचं नाव माझ्या यादीत 'सभेला शून्य वेळा उपस्थित' असं होतं, ते मुलीच्या दुकानामागे उकिडवे बसून तराजू धरून होते. तिथेच माझा व्हेरिएबल मोडला.

हळदीकुंकवाबद्दल माझं मत वेगळं आहे, ते सांगून टाकते. मकरसंक्रांत ते रथसप्तमीच्या दिवसांत बाया हक्काने घराबाहेर पडतात, त्यांना कुणी अडवत नाही. त्या सवयीला मातापालक सभा जोडायची, ही शिक्षकांनी शोधलेली हुशार युक्ती आहे. गर्दी होते, फोटो छान येतात. पण ज्या आईचं कुंकू पुसलं गेलं आहे ती दारातूनच परत फिरते, किंवा येतच नाही. अलीकडे काही शाळा मुद्दाम सगळ्यांना बोलावतात, वाण म्हणून पुस्तक किंवा रोप देतात. तरी उपस्थितीपत्रकावर 'कोण आलं नाही' आणि 'कोण येऊ शकत नव्हतं' हे दोन्ही एकाच रिकाम्या जागेसारखे दिसतात. मुलाखती घेताना ही रिकामी जागा विचारा.

आणखी एक रिकामी जागा कातकरी वाड्यांची. त्यांचा हिवाळा वर सांगितलेल्या दोन तुकड्यांत बसत नाही. पाऊस संपला, भाताची मजुरी झाली, की अनेक कुटुंबं वीटभट्टीवर, कुठे कोळसा पाडायला निघतात. मुलांसकट. ती परत येतात पुढच्या पावसाच्या तोंडावर. म्हणजे गॅदरिंगच्या रात्री सगळं गाव शाळेत असतं तेव्हा ही वाडी गावात नसतेच. साखर कारखान्यांच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावातच मुलं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आली. त्यांत तर सहभाग म्हणजे आईवडिलांनी मूल मागे ठेवून जाणं. कुठल्या फॉर्ममध्ये हे लिहिणार? 'हिवाळ्यात पालक शाळेशी जोडले जातात' असं वाक्य लिहायचा मोह झाला तर आधी स्वतःला विचारा, कुणाचा हिवाळा.

गॅदरिंगकडे येते. त्याचा एक कागद असतो जो सरकारी नाही : वर्गणीची वही. शाळेत किंवा तरुण मंडळाच्या एखाद्या पोराच्या घरी मिळते, बऱ्याचदा मिळत नाही. मला एक बघायला मिळाली. त्यात पैशांची यादी होतीच, पण बरोबरीने बाकीच्याही नोंदी : कुणी मंडपाला वासे, कुणी तांदूळ, कुणी स्पीकर, कुणी ट्रॉली. पुण्या-मुंबईत कामाला असलेल्या माणसांची नावं वेगळी. जे बाप वर्षभर शाळेच्या पायरीवर दिसत नाहीत ते या वहीत दिसतात, आणि गॅदरिंगच्या रात्री शेवटच्या गाडीने येऊन पहाटे परत जातात. हीच पद्धत जुनी आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतची वसतिगृहं चालवताना घराघरातून मूठभर धान्य गोळा केलं, तो मुष्टिफंड. ज्या घराकडे रोख नाही त्या घराकडेही सुगीनंतर मूठभर धान्य असतं. एका गावात एका आजींनी मला सांगितलं, की त्या कधी शाळेच्या मिटिंगला गेल्या नाहीत, पण पहिली शाळा बांधताना भिंतीची माती त्यांनी डोक्यावरून वाहिली, आणि तेही भात काढून झाल्यावर, कारण त्याआधी कुणाला सवड नव्हती. मग शाळेला पालकसभेची वेळ कुणी ठरवून दिली, असं त्यांनी मलाच विचारलं. मी हसले फक्त.

आता हे सगळं आत्ताच का लिहिते आहे, ते सांगते. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयाने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात तेव्हा अशा १४,७८३ शाळा मोजल्या गेल्या होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं. नमुना म्हणून दोन ठिकाणांची नावं पुढे आली, नंदुरबारचं तोरणमाळ आणि आपलं पानशेत. पानशेत म्हणजे वेल्हे तालुका. १२ जुलै १९६१ ला जिथलं धरण फुटलं तेच पानशेत.

समूह शाळेच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. चार मुलांच्या वर्गात खो-खो होत नाही. एकच शिक्षक चार इयत्ता शिकवतो, तो आजारी पडला की शाळाच आजारी. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोग, संगीत, सोबती मिळतात. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं अंतराचं आहे. महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी. मुलांसाठी वाहन ठेवता येतं, हे उत्तर त्यावर दिलं जातं.

पण वाहन मुलांसाठी असतं. आजीसाठी नसतं. तराजू धरणाऱ्या बापासाठी नसतं. वाडीतली शाळा असेल तर आई खळ्यावरून हात पुसत पाच मिनिटांत येते, भाकरीचं गाठोडं देते, मुलाचं नाक पुसून परत जाते. हे तिला सहभाग वाटत नाही, आपल्यालाही कालपर्यंत वाटत नव्हतं. शाळा दहा किलोमीटरवर गेली तर व्यवस्थापन समितीची सभा होईल, कोरम भरेल, इतिवृत्त लिहिलं जाईल. माझ्या जुन्या प्रपोजलच्या मोजपट्टीने तिथे सहभाग कमी झालेला दिसणारच नाही. कदाचित वाढलेलाच दिसेल. आणि जे कमी झालं ते मोजायचं तर विलीन होण्याआधीचा हिवाळा कुणीतरी नोंदवून ठेवलेला पाहिजे.

म्हणून तुमच्यापैकी जे कुणी या भागात, किंवा अकोले, जव्हार, चंदगड अशा डोंगरी तालुक्यांत काम करणार आहेत त्यांना एक विनंती. शाळा बंद किंवा विलीन झाली, की जनरल रजिस्टर सही करून दुसऱ्या शाळेत जातं. त्याची काळजी करू नका, ते सापडेल. मेळाव्याचा हिशोब, वर्गणीची वही, गॅदरिंगच्या कार्यक्रमाचा हाताने लिहिलेला कागद, यांना जतनाची मुदतच ठरलेली नसते, कारण सरकारच्या लेखी हे दस्तऐवज नाहीतच. ते तरुण मंडळाच्या पोराच्या घरी माळ्यावर असतात. डिसेंबर संपत आला की जा. नोव्हेंबरात जाऊ नका, तेव्हा घरी कुणी नसतं.